बंदुकीचा पट्टा

नगरच्या माणसाला शस्त्रास्त्रांचं अप्रूप राहिलेलं नसतं. पाहुणे आले की आधी किल्ला दाखवायचा, मग डोंगरावरचा चांदबिबीचा महाल दाखवायचा. हा महाल चांदबिबीचा नाही, सलाबतखानाची कबर आहे, हे परतीच्या वाटेवर सांगायचं, कारण आधी सांगितलं तर चढायला कुणी तयार होत नाही. आणि शेवटी रणगाड्यांचं संग्रहालय. 1994 साली ते सुरू झालं तेव्हापासून नगरच्या प्रत्येक पोराचा रणगाड्याशेजारी उभा राहून काढलेला एक तरी फोटो घरोघरी आहे. आरमर्ड कोअरचं केंद्र 1948 पासून इथे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्रही इथेच. के. के. रेंजवर गोळे सुटायला लागले की खारे कर्जुन्याच्या बाजूला फडताळातली भांडी वाजतात. परगावचा माणूस दचकून उभा राहतो. नगरकर म्हणतो, "प्रॅक्टिस चाललीय," आणि बशीतला चहा संपवतो. आता गावाचं नाव अहिल्यानगर झालं, पण भांड्यांचा आवाज तोच आहे.

या गावाच्या हवेतच काहीतरी असावं. स्पाइक मिलिगन हा इंग्रजीतला विनोदी लेखक 1918 साली नगरला जन्मला, बाप फौजेत होता म्हणून. पुढे स्वतः दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात गेला आणि त्या नोकरीवर त्याने विनोदी आठवणींचे खंडच्या खंड लिहिले. नगरच्या छावणीत जन्मलेल्या माणसाने फौजेकडे बघून हसावं, हे मला फार रास्त वाटतं.

तर अशा या गावात नळी, गोळा, घोडा, चिलखत यांविषयी कुणालाही विचारा, अर्धा तास ऐकायला मिळेल. बंदुकीच्या पट्ट्याविषयी मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. रणगाड्याला पट्टे असतात, पण ते खांद्याला अडकवायचे नव्हेत, त्यामुळे आमच्या गावाचा या विषयाकडे थोडा काणाडोळा झाला असेल. साध्या रायफलीला दोन कड्या असतात, एक पुढे लाकडावर आणि एक मागे दस्त्याला. त्या दोन कड्यांत जी कापडाची किंवा कातड्याची पट्टी ओवलेली असते तिला फौजेत सगळे सिलिंग म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, ही वस्तू खांद्याला अडकवण्यापुरती, म्हणजे दप्तराला बंद असतो तशातली. हा गैरसमज इतका पक्का आहे की ज्यांच्या खांद्यावर बंदूक आहे त्यांच्यातही तो आढळतो.

पुरावा हवा असेल तर कुठल्याही बँकेच्या दारातला रखवालदार बघा. आमच्या भागात हे काम बहुधा माजी सैनिकाकडे असतं. मिशी झकास, बुटांना पॉलिश, खांद्यावर बाराबोअरची दुनळी. आता नजर पट्ट्यावर न्या. मूळचा पट्टा कधीच तुटलेला असतो आणि त्याच्या जागी नायलॉनची दोरी किंवा कुणा मुलाच्या दप्तराचा बंद आलेला असतो. मी एका रखवालदाराकडे पाहिलं, त्याच्या दोरीला इतक्या गाठी होत्या की बंदूक कमरेच्या खाली लोंबत होती आणि चालताना दस्ता त्याच्या पोटरीवर आपटत होता. एटीएमच्या खोलीत शिरताना तो आधी स्वतः आत गेला, मग दारात अडकलेली बंदूक मागे वळून सोडवली. रायफल उभी अडकवली की नळी डोक्याच्या वर जाते, आणि हे आपल्याच मागे घडत असल्यामुळे आपल्याला दिसत नाही. चौकटी, पंखे आणि एसटीची दारं यांना मात्र ते बरोबर दिसतं.

"दादा, पट्टा जरा वर घ्या की," मी म्हणालो.

"साहेब, वर घेतला तर बसता येत नाही खुर्चीत," ते म्हणाले.

त्यांची बाजूही बरोबर होती. पट्टा कामाप्रमाणे बांधायचा असतो, आणि त्यांचं मुख्य काम खुर्चीत बसण्याचं होतं.

कॉलेजात एनसीसीत असताना हीच गोष्ट आम्हाला दोन उस्तादांनी दोन बाजूंनी शिकवली, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नसे. एक परेडचे उस्ताद. त्यांना पट्टा असा तंग हवा की रायफलीच्या अंगाला चिकटून बसला पाहिजे, मध्ये बोट शिरता कामा नये. कारण "सलामी शस्त्र" म्हटल्यावर सगळ्या ओळीचे पंजे एकदम रायफलीवर बसले पाहिजेत आणि आवाज एकच आला पाहिजे. सैल पट्टा फटफट करतो आणि वीस जणांचा आवाज विसावर पसरतो. पट्ट्याची पितळी टोकं ब्रासोने घासून अशी लखलखीत करायची की उस्तादांना त्यात स्वतःची मिशी दिसावी. दुसरे उस्ताद फायरिंगचे. ते रेंजवर आले की पहिल्यांदा आमच्या त्या तंग पट्ट्यांकडे बघून कपाळाला हात लावत. "ये सिलिंग है या पतलून की नाडी?" असं म्हणून ते बकलं सोडायला लावत. मग शनिवारी रेंजवर सैल केलेला पट्टा रविवारी परेडला तंग करायचा आणि मधल्या रात्री ब्रासोची डबी शोधायची, असा आमचा कार्यक्रम चाले. कूच करताना तिसरी तऱ्हा. तेव्हा पट्टा इतकाच लांब, की खांद्यावर अडकवल्यावर हाताने नुसता धरता यावा आणि कडी वाजू नये. एकाच पट्टीच्या तीन लांब्या, आणि तिन्ही बरोबर.

फायरिंगचे उस्ताद जे शिकवत ते तेव्हा आम्हाला भानामतीसारखं वाटायचं, पण त्यात सगळं भूमितीचं होतं. पडून नेम धरायचा. डावा हात रायफल आणि पट्टा यांच्या मधून घालायचा, पट्टा दंडावर चढवत थेट काखेजवळ न्यायचा. मग हात बाहेरून पट्ट्याला वळसा घालून परत आत आणायचा, म्हणजे पट्टी मनगटाच्या मागून सपाट जाते आणि पंजा पुढच्या कडीपाशी येऊन टेकतो. पीळ पडता कामा नये. पीळ पडला की तो हाडात रुततो. आता कोपर जमिनीवर, रायफलीच्या शक्य तितकं खाली. दस्ता खांद्यात. इथे काय घडतं बघा. चार किलोच्या आसपासची रायफल पंजावर दाब देते आणि कोपराचा सांधा उलगडायला बघते. एरवी तो उलगडू नये म्हणून दंडाचा स्नायू झटत असतो, आणि झटणारा स्नायू थरथरतोच, त्याला इलाज नाही. पट्टा तोच सांधा बाहेरून बांधून टाकतो. हाताचं हाड खालून खांबासारखं उभं, पट्टा वरून ताणलेला, रायफल त्या दोघांमध्ये बसलेली. स्नायूला काही कामच उरत नाही.

"हड्डी पे रखो, गोश्त पे नहीं," उस्ताद ओळीमागून फिरत म्हणायचे. मग येऊन परीक्षा घ्यायचे. डाव्या पंजाची बोटं पूर्ण उघडायला लावायचे. पट्टा बरोबर असेल तर बोटं उघडली तरी रायफल तसूभर हलत नाही. ज्याची रायफल खाली बसली त्याने मुठीत धरून ठेवली होती हे तिथेच उघडं पडे. दुसरी परीक्षा डोळ्यांची. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. नळीच्या टोकावरची माशी निशाण्यावरून सरकली असेल तर हाताने ओढून परत आणायची नाही. डाव्या कोपराला खुंटा मानून कंबर आणि पोट सरकवायचं, म्हणजे अंगच निशाण्याकडे वळवायचं. हाताने ओढलेला नेम गोळी सुटताना परत आपल्या जागी जातो आणि गोळी त्याच्याबरोबर.

आमच्या तुकडीत एक तालमीतला गडी होता. नगरला तालमींची कमी नाही, आणि तालमीतल्या पोराला कुठलीही वस्तू धरायला सांगितली की तो ती धरतोच. त्याच्या दंडाभोवती पट्टा नेताना बकल शेवटच्या टोकाला पोचलं तरी वळसा पुरेना. उस्तादांनी पट्टी पूर्ण सोडून पाहिली, मग त्याच्या दंडाकडे एक कौतुकाची आणि एक वैतागाची नजर टाकली. तो म्हणाला, "राहू द्या उस्ताद, मी अशीच धरतो." धरली. पाच गोळ्यांचा ग्रुप ताटाएवढा पसरला. गंमत अशी की रायफल त्याला जड झालेलीच नव्हती. त्याने ती दिवसभर धरून ठेवली असती. पण जोर आणि स्थिरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला पटेना. मग उस्तादांनी दुसऱ्या रायफलीचा पट्टा काढून पहिल्याला जोडला आणि त्याचा दंड एकदाचा बांधला. त्यानंतर त्याच्या गोळ्या गोळा झाल्या. तो मात्र आठवडाभर सांगत होता की वारा पडला होता म्हणून.

पट्ट्याची दुसरी खोड मोठी न्यारी आहे. दंडावर जरा खाली आतल्या बाजूला बसला तर तो तिथली रक्तवाहिनी दाबतो, आणि मग आपलं हृदय थेट बंदुकीत ऐकू यायला लागतं. ऐकू म्हणजे दिसू. माशी दर ठोक्याला टुणकन वर उडते, खाली येते, परत उडते. पहिल्यांदा बघणारा माणूस बंदूक बिघडली म्हणून तक्रार करतो. आयुष्यभर आपण जिवंत आहोत हे गृहीत धरलेलं असतं, आणि नेमका नेम धरायच्या वेळी त्याचा असा धडधडीत पुरावा समोर नाचतो. उपाय सोपा: पट्टा वर खांद्याकडे न्यायचा आणि त्याचा ओढा दंडाच्या बाहेरच्या अंगाला आणायचा. तरी ठोका पुरता जात नाही. अट्टल नेमबाज दोन ठोक्यांच्या मधे चाप दाबायला शिकतात. आणि फार आवळला तर पंजा निळा पडतो, बोटांना मुंग्या येतात, कोणतं बोट आपलं हेच कळेनासं होतं.

हे सगळं कुणाला चटकन समजावून द्यायचं असेल तर मी पखवाजवाल्याचं उदाहरण देतो. आमच्या नेवाशाकडे दिंडी निघाली की पखवाज गळ्यात अडकवून मैलोगणती चालणारे असतात. त्यांचा पट्टा बघा. सैल असेल तर पखवाज मांडीवर आपटतो आणि वादक एका हाताने तो सावरत बसतो. तंग असेल तर छातीला लागतो आणि श्वास कोंडतो. बरोबर असेल तर पखवाज अधांतरी स्थिर राहतो आणि दोन्ही हात फक्त वाजवायला मोकळे. बंदुकीलाही हेच हवं असतं. धरणं पट्ट्याने, चाप दाबणं बोटाने. एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं की बोल चुकला.

या पट्ट्याच्या जोरावर मराठी माणसांनी जग पाहिलं आहे, ही गोष्ट मी लोकांना सांगतो तेव्हा त्यांना ती अतिशयोक्ती वाटते. 2010 साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या, नेमबाजीतल्या पहिल्या भारतीय महिला जगज्जेत्या. प्रकार होता 50 मीटर प्रोन, म्हणजे सगळ्या गोळ्या पालथं पडून, सगळा वेळ दंडाला पट्टा. 600 पैकी 597 गुण. निशाण्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो 10.4 मिलिमीटर, आणि ते 50 मीटर लांब असतं. तिथे स्नायूच्या भरवशावर राहणाऱ्याचं काम नाही.

आणि मग 1 ऑगस्ट 2024. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, मध्य रेल्वेत नोकरीला, शातोरूच्या रेंजवर ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत. 50 मीटर थ्री पोझिशन: आधी गुडघ्यावर, मग पालथं, मग उभ्याने. पहिल्या दोन्हींत पट्टा बांधता येतो, उभ्याने मात्र नियमानुसार पट्ट्याला पूर्ण मनाई. आता आमची बाजू पट्ट्याची, तेव्हा आम्ही पहिल्या दोन फेऱ्यांवर डोळे लावून बसलेलो. गुडघ्यावरच्या फेरीनंतर तो सहावा. पालथ्या फेरीनंतर पाचवा. आणि पट्टा काढून ठेवून उभा राहिल्यावर तो तिसरा झाला, 451.4 गुणांनी कांस्यपदक घेऊन आला. माझ्या या लेखाच्या मुळावरच येणारी ही घटना आहे, पण आनंद इतका झाला होता की त्या दिवशी मी पट्ट्याची बाजू सोडून दिली. नंतर विचार केला तेव्हा दिसलं, की उभ्यानेही त्याचं डावं कोपर बरगडीवर टेकलेलं होतं आणि रायफल हाडाच्याच खांबावर उभी होती. पट्टा काढला तरी पट्ट्याने लावलेलं वळण हातातून जात नसावं. अर्थात हे माझं मत, आणि मी पक्षपाती आहे.

त्या पदकानंतर गावोगावच्या रेंजवर पालकांचे फोन सुरू झाले तसे आमच्या घरीही वारे शिरले. मुलगी रायफल शिकायला लागली. आमच्या वेळची ती दोन कड्यांची खाकी पट्टी तिला दाखवली तर ती म्हणाली, "बाबा, ही तुझी पट्टी आता संग्रहालयात ठेव." हल्लीचा स्पर्धेतला पट्टा दस्त्याला जोडलेलाच नसतो. एक टोक दंडाच्या फाशाला, दुसरं रायफलीच्या पुढच्या टोकाखालच्या हँडस्टॉपला, बस्स. रुंदी जास्तीत जास्त 40 मिलिमीटर. जाकिटाच्या बाहीवर पट्टा घसरू नये म्हणून एक आकडा. डाव्या हातात जाड हातमोजा. पालथं पडल्यावर पुढचा हात जमिनीशी किमान 30 अंशांचा कोन करून हवा, नाहीतर पंच येऊन सांगतात. जाकिटाचं कापड अडीच मिलिमीटरच्या वर जाड चालत नाही. तेही यंत्राने मोजतात. एवढं मोजमाप आमच्याकडे लग्नाच्या ब्लाउजलासुद्धा होत नाही.

तिच्या वहीत मी डोकावलो तर पानांवर नुसते आकडे: पट्टा भोक नंबर सात, हँडस्टॉप इतक्यावर, थंडी, जाकीट नवं. कारण एकदा जमलेला ताण परत तसाच आला पाहिजे. पट्टा जास्त ओढला की पुढचं लाकूड तणावाखाली येतं, ग्रुप जागा बदलतो, आणि मग माणूस मागच्या साइटचे स्क्रू फिरवत बसतो. कातड्याचा पट्टा घामाने ढिला पडतो. एप्रिलातल्या नगरमध्ये तो सकाळी सातव्या भोकावर आणि दुपारी आठव्यावर असतो. कृत्रिम धाग्याचा तितका बदलत नाही, पण महाग पडतो. हे सगळं ती मला समजावून सांगते आणि मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकतो. बापाने एवढं करावंच लागतं.

खरी अडचण घरात आली. एका संध्याकाळी ती बिनबाह्यांचा टॉप घालून जेवायला बसली आणि तिच्या दंडावर तीन बोटं रुंद लाल वळ आजीला दिसला.

"कुणी धरलं गं एवढं?" आजीचा हात ताटातच थांबला.

"कुणी नाही आजी, पट्टा आहे तो. बंदुकीचा."

"बंदुकीला बांधून घेतलंस की काय स्वतःला?"

"हो. तसंच असतं ते."

आजीने माझ्याकडे बघितलं. मी हाडं, स्नायू, त्रिकोण, कोपराचा सांधा असं सगळं रीतसर सांगितलं. ऐकून घेतल्यावर ती उठली, ट्रंकेतून जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा काढला, त्याची चार पदरी घडी केली आणि मुलीला म्हणाली, "उद्यापासून हे खाली घालून मग बांध."

"आजी, नाही चालत. जाडी मोजतात."

"कुणाची? पट्ट्याची का तुझ्या दंडाची?"

"सगळ्याचीच."

"लुगड्याची पण?"

"लुगड्याची तर पहिली."

मग आजीने त्या नियम करणाऱ्यांचा, त्यांच्या यंत्राचा आणि ते जिथे बसून नियम करतात त्या गावाचा उद्धार केला. ते गाव जर्मनीत आहे, असं मुलीने सांगून पाहिलं. त्याने काही फरक पडला नाही. नऊवारीची घडी मात्र रायफलीच्या पेटीत गेली. रायफल पेटीत ठेवण्याआधी पट्टा हँडस्टॉपवरून सोडायचा असतो, नाहीतर त्याला कायमची घडी पडते; आता तो सोडून गुंडाळला की त्या लुगड्यातच बांधून ठेवतात. त्याला पंचांची हरकत नाही.